पन्नास माणसांचा एक ठिपका

प्लॉटरने हिरवं पेन जागेवर ठेवलं, निळं उचललं, कागद थोडा मागे ओढला आणि बोरिवलीच्या अंगाला एक ठिपका टेकवला. टक्. वनमाला यंत्राशेजारी उभी होती. सकाळपासून असे हजारो ठिपके पडले होते आणि तो आवाज तिला आता ऐकूही येत नव्हता. हा मात्र आला. कारण हा ठिपका जिथे पडला ती जागा तिने स्वतःच्या हाताने आखली होती. नदीचं वळण, वळणाच्या पोटातून जाणारा रस्ता, रस्त्याच्या टोकाशी एक चौकोनी प्लॉट. नकाशाला त्या प्लॉटचं नाव माहीत नव्हतं. तिला होतं, पण पाच वर्षांत ते नाव तिने तोंडाने घेतलं नव्हतं. बळवंतशी बोलतानाही ती ‘ती सोसायटी’ एवढंच म्हणायची. त्या सोसायटीच्या बरोबर मधोमध, जिथे आंब्याचं एक झाड होतं आणि झाडाखाली सेक्रेटरींची पांढरी फियाट उभी असायची, तिथे आता एक ओला निळा ठिपका चमकत होता. निळा म्हणजे कोळी. एक ठिपका म्हणजे पन्नास माणसं. पन्नास कोळी त्या अंगणात उभे होते, टोपल्यांसकट, बायकापोरांसकट, आणि त्यांना आत घ्यायला कुणाची परवानगी लागली नव्हती. वनमालाला हसू आलं. 

‘‘काय गो, काय झाला?’’ जयवंत मागून डोकावला. जयवंत मालवणकडचा. गिरणीत जन्म काढलेल्या बापाचा मुलगा, शाईच्या पेनाने नकाशे काढायच्या काळापासून संस्थेत असलेला ड्राफ्ट्समन. कॉम्प्युटर आल्यापासून त्याचा हात रिकामा आणि जीभ मोकळी झाली होती. त्याने कागदावर वाकून पाहिलं. ‘‘अगो, ह्या मशीनाक समुद्र दिसणा नाय की काय? बघ, तुझे लोक खाडीत घातल्यान. आणि हे बघ, आरेच्या रानात भय्ये घातल्यान. वाघाक आमंत्रण!’’ चंद्रप्रकाश त्यांचा साहेब, वयाने दोघांहून लहान. त्याने खुर्ची वळवली. ‘‘मशीनला काहीच दिसत नाही यार. आपण वॉर्डाची हद्द दिली आणि त्यात कुठला समाज किती तो आकडा दिला. ते हद्दीच्या आत ठिपके उधळतं. नुसते फेकतं. ठिपका म्हणजे घर नाही, हे शंभरदा सांगितलंय.’’ वनमालाला ते माहीत होतं. घरोघर फिरून केलेल्या पाहणीचे आकडे दोन वर्षं तिनेच भरले होते. खाडीपलीकडचे कोळीवाडे आणि नदीकाठच्या सोसायट्या एकाच वॉर्डात येत होत्या. पलीकडचे कोळी यंत्राने मुठीने भात उडवावा तसे सगळ्या वॉर्डभर उडवले, त्यातलं एक शीत त्या अंगणात पडलं. एवढंच. पण एवढंच असं म्हणून भागत नव्हतं. त्या थंड खोलीत, चपला बाहेर काढून आत यायच्या त्या खोलीत, जिला जयवंत ‘गाभारा’ म्हणायचा, तिथे तिचे अनवाणी तळवे तापल्यासारखे झाले.

त्र्याऐंशी साल. सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर, हॉलच्या बाजूला. टेबलामागे मार्तंडराव, सेक्रेटरी, साठीच्या आतबाहेरचे, स्वच्छ धोतर, बोलणं इतकं मऊ की माणसाला आपणच खरखरीत वाटावं. बी विंगमधली दुसऱ्या मजल्यावरची जागा विकायची होती आणि घेणाऱ्याला कमिटीने आधी बघायचं अशी तिथली रीत होती. बळवंत आरेच्या डेअरीत. त्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून वनमाला आईला घेऊन गेली होती. आईने नऊवारी नेसली होती आणि मासळीचा वास जावा म्हणून हातांना चिंच चोळून चोळून ते लाल केले होते. ‘‘बसा ना. पाणी घेणार? गाव कुठलं म्हणायचं?’’ ‘‘मुंबईच. खारदांडा.’’ ‘‘नाही नाही, मूळ गाव?’’ ‘‘तेच मूळ.’’ मार्तंडरावांनी अच्छा अच्छा म्हटलं आणि पेनाचं टोपण लावलं. टोपण लागल्याचा तो बारीक आवाज. ‘‘कसं आहे बाई, माणूस म्हणून आमचं कुणाचं काहीच म्हणणं नाही. पण वास भिंतीत मुरतो हो. आणि एकादशीला खाली हॉलमध्ये कीर्तन असतं आमच्याकडे.’’ इथपर्यंतचं ती कुणालाही सांगू शकली असती. बळवंतला सांगितलंही होतं. त्यापुढचं नाही. त्यापुढे ती टेबलावर झुकली होती आणि बोलली होती, ‘‘आम्ही घरात सुकं आणणार नाही. ओलंही नाही. माझी आई टोपली सोडेल, कायमची सोडेल, लिहून देते हवं तर.’’ आई बाजूलाच बसली होती. मार्तंडरावांनी हसून हात जोडले आणि ‘छे छे, लिहून कसलं’ म्हणाले. तेवढ्यात नकार पुरा झाला. त्यांनी नाही म्हटलंच नाही. ते कधीच नाही म्हणत नसावेत.

चाळीस वर्षं आईने त्या टोपलीवर घर चालवलं होतं. आणि एकादशीला ती टोपली डोक्यावर घ्यायची नाही हा तिचाच नेम होता, कुणी सांगितलेला नव्हे. त्या दिवशी ती डोकं धुऊन देवळात खंडूबुवांच्या कीर्तनाला बसायची, पहिल्या रांगेत, पाय मुडपून, तोंड थोडं उघडं. दुसऱ्या दिवशी बाजारात तेच आख्यान पापलेटं मांडता मांडता चालू व्हायचं. ‘‘तवा राजा बोलला, ए हात लावू नको, ताजाच हाय, तवा राजा बोलला राणीला...’’ गिऱ्हाईक भाव विसरून ऐकत उभं राहायचं. वनमालाला देव पहिल्यांदा भेटला तो असा, बर्फाच्या पाण्यात, खवल्यांच्या चकाकीत, आईच्या तोंडून. अजूनही कुठे मृदंगावर थाप पडली की तिच्या नाकाला आधी मासळी जाणवते आणि मग बुक्का, आणि दोन्ही मिळूनच तिला तो वास पुरा वाटतो. पावसात समुद्र आईच्या दांड्यातल्या घरात यायचा. दम्याने ती रात्र रात्र बसून काढायची. कोरड्या हवेत न्या, डॉक्टर म्हणाला होता. कोरडी हवा बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर होती. पुढच्या वर्षी, आषाढात, आई गेली. तेव्हापासून वनमालाच्या मनात हिशेब अगदी सरळ होता. त्या माणसाने टोपण लावलं आणि माझी आई मेली.

‘‘ही नुसती ट्रायल,’’ चंद्रप्रकाश सांगत होता. ‘‘शुक्रवारचा खरा नकाशा नीट लागेल, सुनावणीला जायचाय तो.’’ कसली सुनावणी, ते त्याने जयवंतला समजावलं आणि वनमालाने पाठमोरं राहून ऐकलं. दांड्याच्या किनाऱ्याने रस्ता येणार होता. पाण्यालगतची ब्याण्णव घरं उठणार होती. त्यांना द्यायला दोन जागा सरकारकडे होत्या. एक दांड्यालाच, गावाच्या पाठीमागे भराव घातलेली, अरुंद. दुसरी बोरिवलीला, नदीकाठच्या सोसायटीला लागून असलेला मोकळा प्लॉट, ऐसपैस. अधिकाऱ्यांचं म्हणणं, त्या समाजाची वस्ती ज्या भागात आधीच आहे तिथे त्यांना न्यायला हरकत नाही, आणि त्या प्लॉटच्या आसपास ती आहे की नाही हे संस्थेच्या नकाशावरून ठरवू. ‘‘सोसायटीवाले तर रोज फोन करतात,’’ चंद्रप्रकाश हसला. ‘‘कोण ते मार्तंडराव. बिचारे इतके गोड बोलतात. सुनावणीपण त्यांच्याच हॉलमध्ये ठेवलीय. तेव्हा वनमालाबाई, तुम्ही कुंपणं घालून टाका.’’ कुंपण हा त्यांचा आपापसातला शब्द. खाडी, रान, विमानतळ, दुसऱ्यांच्या वस्त्या, जिथे तो समाज राहत नाही तो भाग टेबलावर आखून यंत्राला द्यायचा, म्हणजे यंत्र तिथे ठिपके फेकत नाही. कुंपण घातलं की ते अंगण पांढरं राहणार होतं. नाही घातलं तर? तर काही नाही. कुणी विचारलंच तर राहून गेलं. पाप करायला हात लावायचीही गरज नव्हती. हात न लावणं पुरे होतं.

त्या संध्याकाळी ती मागे राहिली. प्रोग्रॅम दर वेळी सुरुवातीला एक आकडा मागायचा. आकडा बदलला की ठिपके वेगळे पडायचे. काहीही द्या, जन्मतारीख द्या, चंद्रप्रकाश म्हणायचा. तिने आईच्या मरणाची तारीख दिली. पडद्यावर निळे कण सांडले, त्या अंगणात एकही नव्हता. मग लग्नाची तारीख. दोन. मग बी विंगमधल्या त्या जागेचा नंबर. एक, तोही रस्त्यावर. मग नुसतेच आकडे, मनात येतील ते. दर वेळी यंत्र थोडं गुरगुरायचं, विचार केल्यासारखं थांबायचं आणि फेकायचं. तिला आठवलं, लहानपणी गल्लीतली पोरं दाराच्या फटीतून खडे फेकायची, एकतरी लागेलच म्हणून. एक्केचाळिसाव्या खेपेला सात लागले. सात ठिपके. दोन अंगणात, एक ए विंगवर, एक बरोबर त्या ऑफिसच्या डोक्यावर, तीन शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. साडेतीनशे माणसं. वनमाला खुर्चीत मागे रेलली आणि तिला स्पष्ट दिसायला लागलं. प्लॉटवर बांबूंच्या वलांडी उभ्या राहिल्यात, त्यांवर बोंबील टांगलेत जबड्यात जबडा अडकवून, वारा नदीकडून येतोय आणि मार्तंडराव गॅलरीत येतात, पूजेचं तबक हातात, आणि आत जातात, आणि खिडकी लावतात, आणि उन्हाळा आहे म्हणून खिडकी उघडावी लागते. रोज. मरेपर्यंत रोज. भिंतीत मुरतो ना वास? मुरू दे. तिने इतकं गोड काही वर्षानुवर्षं चाखलं नव्हतं. तो आकडा तिने हातरुमालाच्या कडेवर पेनाने लिहून घेतला. खोटं काहीच नव्हतं यात. आकडे खरे, वॉर्ड खरा, फेकणारा दुसरा. देवासमोरसुद्धा ती असं म्हणू शकली असती, आणि म्हणूनच बहुतेक त्या रात्री देवासमोर दिवा लावताना तिने मान वर केली नाही.

बळवंतला तिने सांगितलं. आरेच्या क्वार्टरमध्ये जेवणं झाली होती, बाहेर म्हशींच्या साखळ्या वाजत होत्या. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘झकास. त्या म्हाताऱ्याची वाट लागली. पण दांड्याच्या लोकांना विचारलंस का?’’ ‘‘त्यात काय विचारायचं? पक्की घरं. कोरडी हवा. माझ्या आईला मिळाली असती तर...’’ ‘‘ते बरोबर आहे,’’ बळवंत म्हणाला. ‘‘तरी विचार.’’ बळवंत कधी भांडत नाही. एखादा खडा टाकतो आणि झोपतो. तिने रविवारी जायचं ठरवलं, ते विचारायला नव्हे, सांगायला.

कमळमावशी, आईची धाकटी बहीण, दाराशी जाळ्याचं भोक शिवत बसली होती. भरती होती. पाणी उंबऱ्यापासून दहा हातांवर येऊन परत जात होतं आणि मावशी मान वर न करता पाय आखडून घेत होती, मांजर येता-जाता आपण पाय घेतो तसे. ‘‘आयलीस कं? सावलीन बस. जेवलीस?’’ वनमालाने बोरिवलीच्या जागेचं सांगितलं. प्लॉट केवढा, घरं कशी बांधतील, पावसात पाणी शिरणार नाही. मावशीची सुई थांबली नाही. ‘‘बोरिवलीला. बरा हाय. आनि होरी? होरी काय गच्चीवर नांगरू?’’ पलीकडच्या दारातून कुणीतरी बाई हसली. ‘‘हसू नको गो,’’ मावशी तिला म्हणाली, ‘‘पोरगी हापिसात हाय, तिकरं भरतीपन मागवील अर्ज करून.’’ मग सुई जाळ्यात खोचली आणि वनमालाकडे नीट पाहिलं. ‘‘आमी मागं भरावावर जाऊ. तंगी हाय, पन पानी दिसतंय. तू आमाला तिकरं कशाला धाडतंस?’’ वनमालाने मार्तंडरावांचं नाव घेतलं. पाच वर्षांनी पहिल्यांदा. घेतलं आणि मग थांबताच येईना. टोपण, वास, भिंत, कीर्तन, आईचा दमा, आषाढ. मावशीने सगळं ऐकून घेतलं. ‘‘तिला त्या बाबाचा काय नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘असे बाबा तिनं बाजारात रोज बघितलं. तिला कुठं जायचा होता? तुजे मनासाठी आयली ती. तू बोललीस ना, आमची आय टोपली सोडील, ता लागला तिला. मना येऊन बोलली, कमळे, माजे पोरीनं माजी टोपली त्याचे टेबलावर ठेवली नि बोलली, ही घ्या.’’ पाणी आलं आणि गेलं. मावशीने वनमालाच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात ओला होता, ओरखड्यांनी भरलेला. ‘‘आता तो राग तू आमचे चुलीवर शिजवतंस कं, बाय?’’

परत येताना बसमध्ये तिला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, कीर्तनात येतं तसं, सगळं धुऊन नेणारं. त्याऐवजी राग आला, आणि आता त्याला जागा राहिली नव्हती. म्हणजे आईला नकाराने काही झालं नव्हतं. म्हणजे पाच वर्षं ज्या हिशेबावर ती उभी होती त्यात आईचं नाव तिनेच घातलं होतं. टोपणाचा आवाज आईने ऐकलाच नव्हता. आईने ऐकला तो तिचा आवाज, लिहून देते हवं तर. आणि तरीही, आरेच्या रस्त्याला बस लागली, दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली, तेव्हा तिला कळलं की मार्तंडराव त्यामुळे कणभरही लहान झालेले नाहीत. उलट. आईचं नाव मधून निघालं तेव्हा उरले ते दोघंच, टेबलाच्या अलीकडे ती आणि पलीकडे ते. कुणाच्या तोंडून असं वाक्य काढून घ्यायचं, तेही पाणी विचारून, हसून, नाही न म्हणता, हे ज्याला येतं त्याला सोडायचं कसं? क्षमा क्षमा म्हणतात. खंडूबुवाच म्हणायचे, क्षमा हे घरातलं शेवटचं भांडं, तेही देऊन टाकावं. दिलं असतं. पण मागायला कुणी दारात आलं तर देता येतं. हा माणूस मागायला आलाच नव्हता. त्याला आपण काही घेतल्याचं ठाऊकही नव्हतं.

गुरुवारी तिने कुंपण घातलं. टेबलावर नकाशा ताणून, हातातल्या खुणेच्या भिंगाखाली नदीचा काठ धरून ती एकेक बिंदू दाबत गेली. वळण, रस्ता, चौकोनी प्लॉट, त्याला लागून मोकळा प्लॉट. इथे कोळी राहत नाहीत. बटण. इथेही नाहीत. बटण. ‘‘नीट घाल गो,’’ जयवंत बाजूला उभा होता, ‘‘उंदीर शिरता नये.’’ त्याला काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचं ते बोलणं जास्त लागलं. जे मार्तंडरावांना पाच वर्षांपूर्वी लेखी देणार होती तेच ती आता देत होती, अधिक पक्कं, शिक्क्यासह, चार रंगांत. दांड्याच्या ब्याण्णव घरांसाठी देत होती, हे खरं. त्यांना भरावावरून तरी पाणी दिसत राहावं म्हणून. पण बोट बटणावर पडे तेव्हा दर वेळी त्याच टेबलावर झुकल्यासारखं वाटे. शेवटचा बिंदू पहिल्यावर येऊन मिळाला आणि पडद्यावर ते अंगण स्वच्छ पांढरं झालं.

शुक्रवारी एकादशी होती. सुनावणी तासाभरात आटोपली. अधिकाऱ्यांनी भिंतीला लावलेला नकाशा चष्मा सरकवून पाहिला, बोरिवलीच्या त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही. भरावाची जागा कायम, असं त्यांनी लिहून घेतलं. मागच्या खुर्च्यांवर दांड्याहून आलेले चारजण एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत उठले. पुढच्या खुर्च्यांवर सोसायटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाच कागदाने दोन्ही बाजू खूश झाल्याचं चंद्रप्रकाशने पहिल्यांदाच पाहिलं. ‘‘क्या बात है यार,’’ तो तिच्या कानाशी म्हणाला. मग मार्तंडराव आले. पाठ थोडी वाकली होती, केस गेले होते, आवाज तोच. ‘‘बाई, तुमच्या हातून फार मोठं काम झालं हो. किती सुंदर आखलंय सगळं. आपलं नाव?’’ त्यांच्या डोळ्यांत काहीही नव्हतं. ओळख नव्हती, लपवालपवी नव्हती, एक साधा, निर्मळ आनंद होता. ती नाव सांगणार होती, पण चंद्रप्रकाशनेच मध्ये ‘आमच्या बाई, संस्थेच्या’ म्हटलं आणि ते तेवढ्यावर समाधानी झाले. ‘‘थांबा ना आता. कीर्तन आहे. खंडूबुवा येताहेत. यजमान यंदा मीच आहे.’’

चंद्रप्रकाश आणि जयवंत गेले. ती थांबली. खुर्च्या काढून सतरंज्या घातल्या गेल्या, समया लागल्या, बायका गजरे माळून आल्या आणि वनमाला पहिल्या रांगेत जाऊन बसली, आई बसायची तशी पाय मुडपून. खंडूबुवा म्हातारे झाले होते पण पहिला टाहो फोडला तेव्हा छपराला लागला. सगळी राग-लोभाची ओझी पायताणाजवळ ठेवून आत या, असं काहीसं ते म्हणाले आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण ते खरं होतं आणि तिला ते हवं होतं. मृदंग चढत गेला. तिचे हात आपोआप टाळी धरू लागले. डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर वाटलं, सुटलं. सगळं सुटलं. आणि पूर्वरंग संपला, बुवा पाणी प्यायला थांबले.

बुवांच्या कीर्तनाला मध्यंतरात एक रीत असते आणि ती ते कुठेही गेले तरी सोडत नाहीत. यजमानाने बुक्क्याची वाटी घेऊन प्रत्येक श्रोत्यापुढे जायचं, कपाळाला बुक्का लावायचा आणि पायांवर डोकं ठेवायचं. कारण आज रात्रीपुरता श्रोता हाच देव. आणि श्रोत्याने लगेच पाय मागे घ्यायचे, यजमानाच्या खांद्यांना धरून त्याला वर घ्यायचं आणि आपणही वाकायचं. कारण देव कुणाला पायाशी राहू देत नाही. हे इतक्या झटपट होतं की कोण कुणाच्या पाया पडलं ते कळतही नाही. ते न कळणं हीच त्यातली गोडी, असं आई म्हणायची. मार्तंडराव रांगेच्या कडेपासून येऊ लागले. लावत, वाकत, उठवले जात. त्यांचे गुडघे दर वेळी कटकन वाजत होते. एक बाई, दुसरी, तिसरी. मग ते तिच्यापुढे आले, हसले, आणि काळं बोट तिच्या कपाळाला टेकवलं.

‘‘त्र्याऐंशी साली,’’ वनमाला हळू म्हणाली, शेजारणीलाही जेमतेम ऐकू जाईल असं, ‘‘बी विंग, दुसरा मजला. आई बरोबर होती माझी. दांड्याची.’’

बोट कपाळावरच राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना, तिने ते पाहिलं, अगदी जवळून, वितीभर अंतरावरून. टोपणाचा आवाज या माणसाने पहिल्यांदाच ऐकला. मागे सगळा हॉल होता, समोर बुवा चिपळ्या घेऊन उभे होते, आणि तिला वगळून पुढच्या बाईकडे जाण्याची रीत नव्हती. वनमालाने मुडपलेले पाय सोडवले आणि पुढे ठेवले. दोन्ही. शेजारीशेजारी. बाजारात उभं राहून राहून आईचे झाले होते तसे रुंद नव्हेत, पण त्याच घडणीचे. मार्तंडराव वाकले. एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि त्यांचं टक्कल, घामाने ओलं, तिच्या पावलांवर आलं. कपाळ गरम होतं. श्वास बोटांना लागत होता. इथे रीत होती, पाय मागे घ्यायचे. तिने घेतले नाहीत. त्र्याऐंशी साली त्या टेबलावर जे कबूल केलं होतं ते परत घ्यायला जगात दुसरी जागा नव्हती. हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. मृदंगवाल्याने उगाच शाईवरून बोट फिरवलं. ते वाट पाहत होते, खाली, आधाराशिवाय त्यांना उठता येणार नव्हतं हे आता सगळ्यांनाच दिसत होतं. बुवा तिच्याकडे बघत होते. खंडूबुवा, ज्यांच्या तोंडून तिच्या आईने देव ऐकला, ते बघत होते आणि रागावलेले नव्हते, आणि तेच सोसवत नव्हतं.

शेजारची बाई, मार्तंडरावांची बायकोच असावी, कासावीस होऊन कुजबुजली, ‘‘अहो बाई, हात द्या ना त्यांना.’’

‘‘देते,’’ वनमाला म्हणाली, आणि हात पदराखालीच राहू दिले.